मठातली भट्टी

यंदा दिवाळी अंकासाठी मी बिअरच्या भट्टीविषयी लिहिते आहे हे कळल्यावर आमच्या ताईने एवढेच विचारले, "फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचतात ना लोक ते?" तिची शंका रास्त आहे. त्यातून मी स्वतः बिअरचा थेंबही कधी चाखलेला नाही. मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला 1949 साली, आणि माझा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी. साताऱ्याच्या आमच्या वाड्यात 'भट्टी' हा शब्द निघे तो कुठे तरी धाड पडल्याची बातमी आली म्हणजेच. अशा बाईने उत्तम भट्टी कशाला म्हणावे याची चर्चा करायची म्हणजे जन्मात पाण्यात न उतरलेल्याने काठावर बसून पोहणाऱ्यांना गुण देण्यासारखे आहे. पण गेल्या वर्षी एका भट्टीच्या दारापर्यंत मी जाऊन आले, आणि तिथे मनात शिरलेला प्रश्न अजून बाहेर पडायला तयार नाही.

ताईचा मुलगा बेल्जियममध्ये लूव्हेन येथे नोकरीला असतो. कारागिरांच्या छोट्या भट्ट्यांतल्या बिअरचा तो मोठा दर्दी. अशा भट्ट्या आता आपल्याकडेही आहेत, पुण्यात 2009 पासून आहेत, असे तो मला अभिमानाने सांगतो. जणू मावशीच्या पुण्याची अब्रू त्यामुळे वाचली! सप्टेंबरात मी त्याच्याकडे गेले असताना एका रविवारी म्हणाला, "मावशी, जगातली सर्वांत चांगली बिअर जिथे होते ते गाव तुला दाखवतो. पिऊ नकोस, नुसते बघ."

गावाचे नाव वेस्टफ्लेतेरन. पश्चिम फ्लँडर्समध्ये, फ्रान्सच्या सरहद्दीजवळ. वाटेत पोपरिंगे लागते. त्या भागात हॉपचे मळे आहेत. उंच खांबांना तारा बांधून त्यांवर वेल चढवलेले असतात. आपल्याकडच्या पानमळ्याची आठवण व्हावी असे. हॉपच्या मादीवेलाची फुले तेवढी बिअरला लागतात. गावाबाहेर सिंट-सिक्सटुसचा मठ आहे. 1831 साली स्थापन झालेला, ट्रॅपिस्ट पंथाचा. आत परक्याला प्रवेश नाही. आम्ही समोरच्या उपाहारगृहात बसलो. त्याच्या नावाचा अर्थ 'शांततेत' असा होतो, आणि गर्दी तर लक्ष्मी रोडवर दिवाळीत असते तेवढी.

बिअर कशी होते हे भाच्याने मला तिथे समजावून सांगितले, आणि निम्मी कृती मला पाठच निघाली. सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. नाचणीचे सत्त्व करताना आई याहून वेगळे काय करीत असे? मोड आलेल्या दाण्यात पिठाची साखर करणारे द्रव्य तयार होते. ती भरड गरम पाण्यात काही वेळ ठेवली की पाणी गोड होते. ते गाळून हॉपची फुले घालून उकळायचे. हॉपने कडवटपणा येतो आणि टिकाऊपणाही. निवल्यावर त्यात यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाते, मद्य आणि वायू निर्माण करते, आणि पुष्कळशी चवही त्याच्याच मर्जीवर ठरते. पुढे थंड जागी ते आठवडेच्या आठवडे मुरू द्यायचे. थोडक्यात यीस्ट म्हणजे विरजण.

आणि इथेच मला त्या मठवासीयांविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली. आपले विरजण ते घरचे वापरीत नाहीत! फ्लँडर्सच्या दुसऱ्या टोकाला वेस्टमाल्ले येथे त्याच पंथाचा मठ आहे. तिथून ते ताजे यीस्ट आणतात. वेस्टमाल्लेची भट्टी यांच्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठी, तिची बिअरही नावाजलेली. बाजाराच्या हिशेबाने हे दोघे प्रतिस्पर्धी. पण वाटी घेऊन शेजारणीच्या दारात उभे राहावे आणि तिने चमचाभर विरजण घालावे, तसा हा व्यवहार चालतो. बिअरचा धंदा म्हटला की कृती कुलपात ठेवायची अशी माझी समजूत होती.

हे मठवासी वर्षाला सुमारे 6000 हेक्टोलिटर, म्हणजे सहा लाख लिटर, बिअर करतात. ऐकायला पुष्कळ वाटते, पण या धंद्यात हे काहीच नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर तिथल्या मठाधिपतींनी ठरवले की मठाच्या निर्वाहापुरती आणि दानधर्मापुरती बिअर करायची, अधिक नाही. त्यांच्या नावाने बिअर करून विकण्याचा परवाना 1946 साली जवळच्या वाटू गावातल्या एका भट्टीला दिला आणि स्वतः हात आखडता घेतला. 2005 साली एका नामांकित गुणवारीत त्यांची 'बारा' नंबरची काळपट बिअर जगात पहिली आली. फाटकासमोर मोटारींच्या रांगा लागल्या. दुसरा कोणी असता तर नवी भट्टी उभारता. यांनी टेलिफोनवर नोंदणी करायला लावली, मोटारीचा नंबर लिहून घेतला, माणशी खोकी ठरवून दिली, आणि भाव चढवला नाही. 2019 पासून ही नोंदणी संगणकावर होते. माल घेणाऱ्याला ते सांगतात, हा पुढे विकू नका.

याचे मूळ फार जुने आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी जी नियमावली लिहिली तिचे पालन हे लोक करतात. स्वतःच्या हातांच्या श्रमावर जगावे हा त्यातला एक नियम. पण मला खरा नवलाचा वाटला तो कारागिरांविषयीचा. आपल्या कौशल्यामुळे मठाला लाभ होतो असा गर्व एखाद्या कारागिराला झाला, तर त्याला त्या कामावरून दूर करावे. आणि मठातला माल विकताना बाहेरच्यांपेक्षा थोडा स्वस्त विकावा. आपण ज्याला उत्तम कारागीर म्हणतो त्याचा थोडा तोरा आपण गृहीतच धरतो, गवयाचा तर हौसेने मिरवतो. आणि इथे उत्तम झालेल्याने उत्तमपणाची जाणीव ठेवायची नाही!

मी भारावून गेले आहे हे भाच्याच्या लक्षात आले असावे. त्याने शेजारी ठेवलेले दोन छोटे पेले माझ्यापुढे सरकवले. "वास घेऊन सांग, यातला मठाचा कोणता?" एक मठाची 'बारा', दुसरी वाटूच्या भट्टीची. (ही बाटली तो पिशवीतून लपवून घेऊन आला होता, मालकिणीने पाहिले असते तर आमची काही धडगत नव्हती.) त्या भट्टीचा परवाना 1992 साली संपला, पण ती आजही त्याच वळणाची बिअर स्वतःच्या नावाने करते आणि ती दुकानात सहज मिळते. मी दोन्ही हुंगले. दोन्हींना मनुका आणि जळक्या गुळाचा वास. मला काही कळले नाही याचे नवल नाही, पण भाच्याने डोळे मिटून घोट घेतला आणि तोही चुकला.

"मग ही पहिली का?" मी विचारले.

"मिळत नाही म्हणून," तो हसून म्हणाला. "नाही म्हणण्याइतकी चांगली जाहिरात नाही, मावशी. त्यांना ती करायची नव्हती एवढेच."

परतताना मोटारीत आमचा वाद झाला. मी म्हटले, उत्तम भट्टी पेल्यावरून ठरत नाही; ती कशासाठी चालवली जाते यावरून ठरते. बिअर हे जिथे शेवटचे साध्य नाही तिथे आंबवण्याची घाई होत नाही, निकृष्ट दाणा वापरण्याचा मोह होत नाही, कारण त्यातून मिळणाऱ्या जादा पैशाचे करायचे काय हाच प्रश्न असतो. त्याने लगेच आखेलचे उदाहरण काढले. तिथेही याच पंथाचा मठ होता, भट्टी होती. 2021 साली तिथे मठवासी उरले नाहीत म्हणून बाटलीवरचा ट्रॅपिस्टांचा षट्कोनी शिक्का गेला. बिअर तीच, कढई तीच. "काल उत्तम होती ती आज नाही झाली का?" त्याने विचारले. मी म्हटले, बिअर कदाचित तशीच राहिली असेल, पण भट्टीचे काही तरी गेलेच. काय गेले ते मात्र मला नीट सांगता आले नाही.

मग तो म्हणाला, "आणि हे सगळे ब्रह्मचारी! यांना मुलांची फी भरायची नाही. पुरे म्हणायला यांचे काय जाते?" संसारी माणसाचे उदाहरण द्या म्हटल्यावर त्यानेच सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर भट्टीचे दिले. 1965 साली ती मोडकळीला आली असताना फ्रिट्झ मेटॅग नावाच्या तरुणाने तिचा मोठा हिस्सा विकत घेतला, स्वच्छता आणि साहित्य यांपासून सगळे सुधारले, आणि अमेरिकेतल्या छोट्या भट्ट्यांची चळवळ जिच्यापासून सुरू झाली असे मानतात ती ही भट्टी. त्यानेही ती अफाट वाढवण्याचा मोह टाळला. पण 2010 मध्ये त्याने ती विकली, 2017 मध्ये ती एका मोठ्या जपानी कंपनीकडे गेली, आणि 2023 मध्ये बंद पडली. पुढच्या वर्षी नव्या मालकाने ती घेतली खरी. पण मेटॅगचे 'पुरे' काही खरेदीखतात लिहून देता आले नाही. शिवाय हा मेटॅग कपडे धुण्याची यंत्रे करणाऱ्या धनाढ्य घराण्यातला. म्हणजे पुरे म्हणणारे भेटले ते एक निःसंग आणि एक श्रीमंत.

मी गप्प राहिले. मला तिसरे उदाहरण ठाऊक होते, पण ते त्याच्यापुढे काढणे अवघड होते.

आमची आई दिवाळीत अनारसे करून विकीत असे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत पसरून दमट असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ मिसळून पीठ मुरायला ठेवायचे. मग खसखशीवर थापून मंद तुपात सोडायचा आणि झाऱ्याने वर तूप उडवीत तळायचा. पिठात काही बिघडले की अनारसा तुपात हसतो, विरघळून जातो. त्याला उपाय नाही. आईचा अनारसा कधी हसला नाही. चाळीस घरे ठरलेली होती, त्यापलीकडे ती घेत नसे. 1963 साली वडील वारले त्याच वर्षी पुण्याचे एक मिठाईवाले आमच्याकडे आले. दसपट माल मागत होते, दोन बायका मदतीला देतो म्हणाले, आगाऊ रक्कम पुढे ठेवली. आईने पाट मांडला, चहा दिला आणि सांगितले, "माझ्या हाताखालून जाईल तेवढेच माझे. तेवढे पुरे आहे मला."

त्या वर्षी ताई मॅट्रिक झाली होती. चांगले गुण होते, गणितात तर फार चांगले. ती कॉलेजात गेली नाही. एका पेढीवर हिशेब लिहायला लागली. पाच वर्षांनी माझी फी तिने भरली. मी प्राध्यापक झाले, आणि तीस वर्षे वर्गात नीतिशास्त्र शिकवताना आईचे ते वाक्य मी किती वेळा सांगितले याची गणती नाही. मुलींचे डोळे भरून येत. ताईचा भाग मी सांगत नसे.

मठवासीयांनीही आपला नेम एकदा मोडला आहे. मठाची जुनी इमारत मोडकळीला आली तेव्हा, 2011 मध्ये बेल्जियममधल्या दुकानांतून आणि 2012 मध्ये अमेरिकेसारख्या देशांत, त्यांनी बारा नंबरच्या बाटल्या खोक्यांत घालून विकल्या. बांधकामाला पैसे उभे केले आणि पुन्हा आपल्या मापावर परत आले. हे वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आले, की आईलाही एक वर्ष असे करता आले असते. छप्पर गळत होतेच.

त्याच नियमावलीत आणखी एक कलम आहे. मठात काही मोठे ठरवायचे असले म्हणजे मठाधिपतीने सर्वांना बोलवावे, अगदी धाकट्यालाही. कारण पुष्कळदा धाकट्यालाच बरे सुचते. निर्णय मठाधिपतीचाच, पण ऐकून घेतल्यानंतरचा.

मी परत आले ती दिवाळीच्या तोंडावर. ताईकडे तांदूळ भिजत होते; ती अजून दरसाल दोन घाणे करते. मी तिला मठाची सगळी हकीगत सांगितली, आणि साठ वर्षांत जे विचारले नव्हते ते विचारले: आईने त्या दिवशी बरोबर केले का?

ताईने बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाली, "अनारसे बिघडले असते. दोन परक्या बायका, दसपट तांदूळ... बिघडलेच असते. मीही तिला नाहीच म्हण म्हणून सांगितले असते." थोड्या वेळाने म्हणाली, "पण मी दारामागे उभी होते गं. तिने एकदा वळून बघायला हवे होते."

मला काय बोलावे सुचेना. ताईने पातेल्यातले पाणी ओतून टाकले, दुसरे घातले, बोटांनी एक दाणा चुरून पाहिला आणि म्हणाली, "अजून एक दिवस लागेल."