सैल पट्टा आणि नैतिक नशीब

पिकअपचा हौदा साडेपाच फुटांचा, कायाक १४ फुटांची. मागची फळी पाडली तरी सहाएक फूट नाव बाहेरच राहते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार माल ४ फूट किंवा अधिक मागे आला, तर टोकाला लाल वा चमकदार नारिंगी झेंडा हवा. रात्री लाल दिवे.

समजा, पट्टा आवळण्यात आणि झेंडा लावण्यात दोन चालकांनी सारखाच आळस केला. एकाची कायाक सुखरूप तळ्याकाठी पोहोचली. दुसऱ्याची हमरस्त्यावर सुटून मागच्या मोटारसायकलवर आदळली. अधिक दोषी कोण?

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी हा प्रश्न ‘नैतिक नशीब’ म्हणून मांडला. नेगेलचं उदाहरणही ट्रकचालकाचंच: ब्रेक न तपासता निघालेला. वाटेत मूल आडवं आलंच नाही, तर त्याचा हलगर्जीपणा कुणाच्या गावीही नसतो. कांटच्या मते मात्र मोल संकल्पाचं, परिणामाचं नव्हे.

पण खरा संकल्प हातांत उतरतो. पिकअपमागच्या हिचमध्ये (जोडणीच्या खाचेत) टी-आकाराचा आधार बसवायचा, नाव दोन ठिकाणी बांधायची, तीही कॅम-बकलच्या पट्ट्यांनी. रॅचेटच्या पट्ट्याने फार आवळलं तर उन्हात तापलेलं प्लॅस्टिक चेपतं. थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा तपासायचं.

कायदा दोघांना सारखं लेखत नाही: नुसता झेंडा विसरलेल्याला दंड, जखमी करणाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा. हा फरक न्याय्य की निव्वळ सोयीचा, यावर तत्त्वज्ञांचं अजून एकमत नाही.