शेवटला मुक्काम परमुलखी पडला तर



माळकरी घरातली मुले शिकली, अमेरिकेस गेली, तिकडेच त्यांचा संसार झाला. मागाहून आईबाप गेले. नातवंडे सांभाळण्यापुरते म्हणून गेलेले पुष्कळजण तेथेच राहिले. आता सत्तरी-पंचाहत्तरी उलटली. आषाढी आली की जीव तळमळतो आणि मनात तीन प्रश्न उभे राहतात. देह परमुलखी पडला तर गती चुकेल काय? डॉक्टर ज्या कागदावर सही मागतात तो करावा की न करावा? आणि मागले कार्य कोण करील, अस्थी कोठे जातील? हे तिन्ही प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतात, म्हणून त्यांचा विचार येथे एकत्र मांडतो.

प्रथम पूर्वपक्ष घेऊ. कित्येक भाविक म्हणतात, "महाराज, मरणाची तजवीज कसली करावयाची? पांडुरंग पाहून घेईल. आपण कागद रंगवीत बसलो तर तो अविश्वास नव्हे काय?" ऐकावयास हे गोड वाटते, पण वारी करणाऱ्याने असे बोलू नये. वारीस निघताना आपण काय करतो? दिंडीची भिशी आधी भरतो, पडशी बांधतो, कोणता मुक्काम कोणत्या गावी हे विचारून घेतो, घरी गुरांची व्यवस्था लावतो. एवढे करून चालू लागलो की मुखी नाम घ्यावयास मोकळे. तजवीज म्हणजे अविश्वास नव्हे, मन रिकामे करण्याचा तो उपाय आहे. आमच्या ज्ञानोबारायांनीही संजीवन समाधीचे स्थळ आणि तिथी आधी सांगून, संतांस बोलावून, सर्वांचा निरोप घेऊनच आसन घातले. ते तर जगाचे माउली; आपण साध्या जिवांनी तरी गाफील का राहावे?

गाफील राहिल्याने काय होते ते दशरथ महाराजांच्या कथेत पाहा. चार पुत्रांचा बाप! राम-लक्ष्मण वनात, भरत-शत्रुघ्न दूर केकय देशी आजोळी. राजाने प्राण सोडला तेव्हा चौघांपैकी एकही उशाशी नव्हता. पुत्राविना संस्कार करणे मंत्र्यांस प्रशस्त वाटेना, म्हणून देह तेलाच्या द्रोणीत ठेवला आणि दूत पाठवून भरतास आणविले, असे वाल्मीकि सांगतात. तेथे वसिष्ठ होते म्हणून निभावले. न्यू जर्सीतल्या थंडीत, रात्री दोन वाजता, घाबरलेल्या मुलास वसिष्ठ कोठून भेटावयाचा? म्हणून आपला वसिष्ठ आपणच व्हावे आणि शुद्धीत आहोत तोवर सांगून ठेवावे.

आता पहिला प्रश्न, स्थळाचा. चंद्रभागेकाठी देह पडावा ही इच्छा उत्तम. तिला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु ती इच्छा निराळी आणि तसे न घडल्यास अधोगती होते ही समजूत निराळी. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात विचार केला आहे की ज्ञानी पुरुष रात्री अथवा दक्षिणायनात गेला तर त्याचे फल बुडते काय? सिद्धांत असा केला की बुडत नाही. उपासनेस अमुकच स्थळ हवे असा नियम नाही, जेथे चित्त एकाग्र होते ते स्थळ योग्य, असेही त्याच अध्यायात ठरविले आहे. काळ ज्यास अडवीत नाही, त्यास देश कसा अडवील?

शास्त्र नको, संत हवेत, असे म्हणाल तर नामदेवराय पाहा. पंढरीचे ते लाडके, पण पुष्कळ वर्षे पंजाबात राहिले. भाषा वेगळी, अन्न वेगळे, हवा वेगळी. घुमान गावी आजही त्यांचे स्थान आहे आणि तिकडची मंडळी त्यांस आपले मानतात. शीखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची पदे आहेत. नामदेवरायांचा विठ्ठल काय पंढरीस राहिला आणि ते एकटेच गेले?

आणि चोखोबा! मंगळवेढ्यास गावकूस बांधताना ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. पंढरी एवढी जवळ, तरी देह पंढरीत पडला नाही. ज्यांस जिवंतपणी राऊळात पाऊल टाकू दिले नाही, त्यांच्या अस्थी नामदेवरायांनी जाऊन आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. त्या ढिगाऱ्यात अस्थी ओळखल्या कशा? त्यांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, असे परंपरा सांगते. देह कोठे पडला हे कोणी विचारीत नाही, अस्थींत काय मुरले होते ते विचारतात.

दुसरा प्रश्न कठीण आहे. अमेरिकेत १९९० साली कायदा झाला, त्यान्वये मेडिकेअरचा पैसा घेणाऱ्या इस्पितळांनी दाखल होणाऱ्या प्रौढ रुग्णास सांगावेच लागते की, पुढे तुम्हांस बोलता येईनासे झाले तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे लिहून ठेवण्याचा तुम्हांस अधिकार आहे. आपल्या वतीने डॉक्टरांशी कोणी बोलावे तेही नेमता येते. हा कागद पुढे आला की आमची मंडळी दचकतात. "श्वासाचे यंत्र नको असे लिहिले तर ती आत्महत्या नव्हे काय?" मुलगा म्हणतो, "आबा, असलं अभद्र काय बोलता?" मग कागद कपाटात जातो आणि प्रसंग आला म्हणजे तोच मुलगा कोऱ्या कागदासमोर रडत बसतो.

याचे उत्तर महाभारतात आहे. भीष्माचार्य शरपंजरी पडले. दुर्योधनाने बाण काढण्यात निष्णात असे वैद्य आणले. भीष्मांनी काय केले? त्या वैद्यांचा सत्कार करावयास सांगून त्यांस परत पाठविले. आता उपचार नको, म्हणाले. परंतु मान लोंबकळत होती म्हणून उशी मागितली आणि अर्जुनाने बाणांची उशी दिली. तहान लागली तेव्हा पाणी मागितले आणि अर्जुनाने भूमी भेदून पाणी दिले. पुढे धर्मराजास राजधर्म, मोक्षधर्म सांगितले आणि अठ्ठावन्न रात्री त्या शय्येवर काढून उत्तरायणात प्राण सोडला. यास कोणी आत्महत्या म्हणत नाही. ज्या उपचाराने मरणच लांबते तो नाकारला. ज्या सेवेने दुःख हलके होते ती मागून घेतली. जीव देणे निराळे आणि जाणाऱ्या जिवास न अडविणे निराळे. हा भेद ध्यानी धरावा.

उशी आणि पाणी देणाऱ्या या सेवेस तिकडे हॉस्पिस म्हणतात. सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले, तेथून या सेवेस आजचे रूप आले. अमेरिकेत मेडिकेअर या सेवेचा खर्च उचलते. सहा महिने अथवा त्याहून कमी आयुष्य दिसते असे डॉक्टरांनी लिहून द्यावे लागते. रुग्ण त्याहून अधिक जगला आणि पुन्हा तसा दाखला मिळाला तर सेवा पुढे चालू राहते. परिचारिका बहुधा घरीच येते, वेदनेवर औषध देते. मात्र एक ध्यानी ठेवा. घाबरून ९११ वर फोन केला की येणारे लोक छाती दाबून प्राण परत आणण्याचा यत्न करणारच. तो नको असेल तर डॉक्टरांच्या सहीचा वेगळा आदेश घरी हाताशी असावा लागतो. नुसती आपली इच्छा लिहिलेली तेथे पुरत नाही.

कोणी विचारील, "वेदनेच्या औषधाने गुंगी आली, नाम घेता आले नाही, तर?" वराहपुराणात भगवंताचे आश्वासन आहे. धडधाकट असताना ज्याने आपले स्मरण केले, तो अंती काष्ठपाषाणासारखा निश्चेष्ट पडला तरी देव स्वतः त्याची आठवण ठेवतो. तेव्हा गुंगीस भिऊन वेदना सोसण्याचा हट्ट नको. गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाचा महिमा सांगितला, तसे सर्वकाळ स्मरण करावयासही तेथेच सांगितले आहे. आजच्या जिभेचे वळण हीच उद्याची तरतूद.

आता परत यावे की तिकडे राहावे? यास एकच उत्तर नाही. हिशेब मात्र आहे. ग्रीन कार्डावर असलेला मनुष्य परवान्याविना वर्षाहून अधिक बाहेर राहिला तर त्या कार्डावर पुन्हा प्रवेश मिळत नाही. पासष्टीनंतर मेडिकेअर मिळते खरे, पण स्वतःची अथवा जोडीदाराची सुमारे दहा वर्षांची नोकरी नसेल तर सलग पाच वर्षे तेथे राहून, हप्ता भरून ते घ्यावे लागते. शिवाय ते सहसा हिंदुस्थानात चालत नाही, आणि अंथरुणास खिळलेल्यास रोज न्हाऊ-भरवू घालणाऱ्या माणसाचा दीर्घकाळचा खर्चही ते देत नाही. ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले त्यांस ओसीआय कार्डावर इकडे आजन्म राहता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. हे सारे पाहून, आणि गावी आपणास पाणी कोण देईल हे डोळसपणे पाहून, मग निर्णय करावा. केवळ भयाने परतू नये, केवळ संकोचाने राहू नये.

त्यातही बाईमाणसाचा विचार आधी करावा. बहुतेक घरांत मागे आई राहते. तिला गाडी येत नाही, इंग्रजी बेताचे, बँकेतले व्यवहार ठाऊक नाहीत. आबांनी आपले सर्व कागद करून ठेवले आणि आईचे नावही कोठे नाही, असे होऊ नये. तिला काय हवे ते तिला स्वतंत्र विचारा. सरकारी पैसा घेणाऱ्या इस्पितळात दुभाषा विनामूल्य मागता येतो. "आमची भाषा मराठी" एवढे तिने सांगावे. आजीच्या दुखण्याची भीषण वार्ता आजीला सांगण्याचे काम दहा वर्षांच्या नातवावर पडू नये.

ज्यांचे येणेजाणे दोन्ही देशांत आहे त्यांनी दोन्हीकडे कागद करावा. एकीकडचा दुसरीकडे चालेल असे समजू नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी असा इच्छालेख मान्य केला आणि २०२३ साली रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे तो करता येतो.

तिसरा प्रश्न, मागले कार्य. देशांतरी मरण ही गोष्ट शास्त्रास नवी नाही. आपल्या पंढरपूरच्याच काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी १७९० साली धर्मसिंधु रचला. दूरदेशी मृत्यू झाला, वार्ता उशिरा कळली, तर सुतक कसे धरावे याचा निर्णय त्यात दिला आहे. देहच न मिळाल्यास पळसाच्या पानांचा पुतळा करून संस्कार करण्याचा विधीही शास्त्रात सांगितला आहे. म्हणजे पूर्वजांनी घरापासून दूर मेलेल्यास टाकून दिले नाही. तिकडे दहन विद्युत् अथवा वायूच्या भट्टीत होते, कागदपत्रांमुळे दोन-चार दिवस थांबावे लागते. पुष्कळ ठिकाणी मुलास भट्टीची कळ दाबू देतात. तोच अग्नी समजावा. मुलगा नसेल तर मुलीने दाबावी. जटायूस अग्नी देताना प्रभू रामचंद्रांनी नाते पाहिले नाही.

अस्थी आणावयाच्या तर मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय वकिलातीचे कागद लागतात. कलश लाकडी अथवा तत्सम घ्यावा, कारण धातूच्या कलशातले तपासणी-यंत्रास दिसत नाही आणि विमानतळावर अडवितात. आणणे झेपत नसेल तर मुलास कर्जात घालू नये. तिकडे समुद्रात विसर्जन करावयाचे तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैल पलीकडे करावे आणि तीस दिवसांत सरकारी खात्यास कळवावे, असा नियम आहे. सर्व पाणी शेवटी एक होते. आपल्या भीमेचेही पाणी कृष्णेत मिसळून समुद्रासच मिळते ना?

तेव्हा मायबापहो, येत्या एकादशीस एवढे करा. मुलास व सूनबाईस जवळ बसवा. मुलगी दुसऱ्या गावी असेल तर तिलाही फोनवर घ्या. माझ्या वतीने कोण बोलेल, कोणते उपचार नकोत, अस्थी कोठे न्याव्यात, हे तिघाचौघांदेखत सांगा आणि वकिलाकडून त्या राज्याच्या रीतीप्रमाणे कागद करून घ्या. गावचा जमिनीचा उतारा, बँकेची पुस्तके एका पिशवीत ठेवा. त्याच पिशवीत एक तुळशीची माळ, अबीर-बुक्क्याची पुडी आणि चंद्रभागेचे थोडे तीर्थ ठेवा, आणि ती पिशवी कोठे आहे ते सर्वांस दाखवा.

मुलास बोलवत नसेल तर रागावू नका. तो अभद्र ऐकावयास भितो असे वाटते, पण खरे पाहता तो तुमच्यावाचून राहावयास भितो. त्यास म्हणा, "बाळा, तुझ्यावर संशय म्हणून मी हे लिहीत नाही. पुढे तुला स्वतःवर संशय येऊ नये म्हणून लिहितो." आईबापांनी जाताना द्यावयाची ही मोठी इस्टेट आहे.

एवढे झाले की पिशवी बंद करावी आणि त्या विषयास मनातून निरोप द्यावा. मग हरिपाठ, मग नातवंडांस दोन गोष्टी, मग शांत झोप. जो विटेवर अठ्ठावीस युगे उभा राहिला, त्यास तुमच्या दाराशी उभे राहावयास समुद्र आडवा येत नाही.

रामकृष्ण हरि.