भागाकार म्हणजे नियम नव्हे

9 वॉटचा एलईडी बल्ब आणि 230 व्होल्ट हे दोन आकडे मोबाइलवरच्या एखाद्या ‘ओहम कॅल्क्युलेटर’ला दिले, की तो क्षणात उत्तर देतो: रोध 5878 ओहम. गणित बिनचूक आहे. फक्त त्या बल्बात 5878 ओहमची वस्तू कुठेच नाही. आत आहे एक ड्रायव्हर, आणि बऱ्याच ड्रायव्हरांची घडणच अशी असते की व्होल्टेज उतरले तर ते जास्त प्रवाह ओढून वॉट तेवढेच राखतात. काढलेला रोध खरा मानावा तर नेमके उलटे घडायला हवे. पण गाइडांमधून आणि व्हिडिओंमधून व्होल्टेज, प्रवाह आणि रोध यांच्या अक्षरांचा तो प्रसिद्ध त्रिकोण (एका अक्षरावर बोट ठेवा, उरलेली दोन उत्तर देतील!) अशा प्रत्येक वस्तूला सर्रास लावला जातो. व्होल्टला अँपिअरने भागले की ओहमचा नियम वापरून झाला, अशी एक समजूत त्यामागे आहे. भागाकार कोणत्याही दोन आकड्यांचा करता येतो. तो भागाकार दरवेळी सारखाच येईल, असे सांगणे म्हणजे नियम. आणि ते सांगणे खोटेही ठरू शकते.

हा नियम आला कुठून? व्होल्टाची बॅटरी, प्रवाहाजवळ ओर्स्टेडची हललेली चुंबकसुई, फूरियेचे उष्णतेचे गणित हा त्याआधीचा भाग वादाचा नाही. 1825 मध्ये ओहमने पहिला प्रयत्न केला तेव्हा बॅटरीचा जोर सतत ढळत होता आणि हाती लागले ते लॉगरिदमचे चुकीचे सूत्र. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फच्या सल्ल्यावरून त्याने तांबे-बिस्मथची जोडी घेतली: एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात, म्हणून विद्युतदाब स्थिर. मग 2 इंचांपासून 130 इंचांपर्यंतच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या आणि प्रवाहाने ढळलेली टांगती सुई जागेवर आणायला किती पीळ द्यावा लागतो ते टिपले. 1826 च्या त्याच्या सूत्रात एक स्थिरांक वर आहे. खाली दुसरा स्थिरांक आणि तारेची लांबी यांची बेरीज. हा दुसरा स्थिरांक निघाला सुमारे सव्वावीस इंच. म्हणजे उरलेले सगळे उपकरण सव्वावीस इंच तारेइतके अडवते! रोध चक्क इंचात. तापमानांतला फरक बराच कमी करून पाहिला तेव्हा वरचा स्थिरांक घसरला, सव्वावीस इंच मात्र हलले नाहीत. ओहमचा शोध तो हा. आजचे त्रिअक्षरी सूत्र त्याच्या कागदावर त्या रूपात नव्हते.

पुढे जूलने 1841 मध्ये तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गावर बसवली, 1849 मध्ये किर्खहॉफने ओहमच्या धूसर ‘विद्युतबला’ची विभवाशी गाठ घालून दिली. खरे वळण त्यानंतरचे आहे, आणि तेच उलटे वाचले जाते. 1858 ची अटलांटिकखालची टेलिग्राफ तार काही आठवड्यांत मुकी झाली. समुद्राच्या तळाशी बिघाड कुठे आहे ते किनाऱ्यावरून रोध मोजूनच ठरवायचे, तर रोधाचे सर्वमान्य माप हवे. 1861 मध्ये ब्रिटिश असोसिएशनने त्यासाठी समिती नेमली. टॉमसन आणि मॅक्सवेल त्या कामात होते. काही वर्षांत प्रमाणित वेटोळी तयार झाली आणि रोध ही पेटीत ठेवण्याजोगी वस्तू झाली. इथे पुष्कळ जण निष्कर्ष काढतात की नियमाची व्याख्या झाली, आता तपासायचे काय उरले? मग 1876 मध्ये मॅक्सवेलच्या प्रयोगशाळेत क्रिस्टल नावाचा संशोधक काय करत होता? शुस्टर या भौतिकशास्त्रज्ञाने दोन वर्षांपूर्वी तारांमध्ये ओहमच्या नियमाशी विसंगती दिसल्याचे म्हटले होते, म्हणून तारेतून आलटून पालटून जोरदार आणि मंद प्रवाह सोडून रोध बदलतो का ते तो पाहत होता. लोखंड, प्लॅटिनम, जर्मन सिल्व्हर यांत तापमान राखले तर लाख कोटींत एक भागाचाही फरक नाही, असा निकाल आला. व्याख्येची कोणी अशी परीक्षा घेत नाही. आणि 1874 मध्येच ब्राउन या भौतिकशास्त्रज्ञाला असे सल्फाइड खनिज सापडले होते, की ज्यातून एका दिशेने प्रवाह सहज जाई, उलट दिशेने अडे. वेटोळी विश्वासू ठरली ती धातू तसे वागतात म्हणून.

कोणी म्हणेल, व्होल्ट भागिले अँपिअर ही रोधाची व्याख्या तर पुस्तकातच आहे. आहे, पण तो त्या एका बिंदूचा रोध, त्यावरून पुढचा बिंदू सांगता येत नाही. 100 वॉटचा जुना तारेचा बल्ब हिशेबाने 529 ओहमचा. थंड असताना मीटर लावा, चाळिसाच्या आसपास दाखवेल. 230 च्या वर्गाला त्या चाळिसाने भागले तर 1300 वॉटच्या वर उत्तर येते, आणि बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणापुरते ते खरेही असते. बल्ब बहुधा लावतानाच का जातात हे त्यातून कळते. यावर दुसरा आक्षेप असा की तापमान कायम ठेवले तर नियम शाबूत आहे. अगदी मान्य, ओहमच्या बाजूने तो आक्षेप रास्तच आहे. ‘भौतिक अवस्था कायम’ ही अट शाळेच्या पुस्तकात असतेच, त्रिकोणात तिला कोपरा मिळालेला नाही.

शक्तीची गोष्ट वेगळी आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर याला ओहमची गरजच नाही: एका व्होल्टच्या फरकातून एक कूलोम गेला की एक जूल काम होते, मग मध्ये तार असो, डायोड असो वा मोटर. एसीत हा हिशेब क्षणाक्षणाचा, म्हणून इन्व्हर्टरवर व्हीए आणि वॉट हे वेगळे आकडे असतात. पण प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध हे जूलचे सूत्र फक्त उष्णता मोजते. विहिरीवरच्या पंपाला ही दोन सूत्रे एकच समजून चालत नाही. व्होल्टेज कमी म्हणजे प्रवाह कमी, असे त्रिकोण सांगतो. पाण्याचा भार मात्र जवळपास तेवढाच राहतो, म्हणून मोटर जास्त प्रवाह ओढते, वाइंडिंगमधली उष्णता वर्गाने वाढते, आणि उन्हाळ्यात रिवाइंडिंगवाल्याकडे रांग लागते.