देवकीची सहा बाळे



श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील ८५ व्या अध्यायात एक करुण प्रसंग आहे. कंसाचा वध होऊन वर्षे लोटली, तरी देवकीमाता जन्मताच मारल्या गेलेल्या आपल्या सहा बालकांसाठी अश्रू ढाळीत होती. ज्याने अर्जुनास गीता सांगितली, तो श्रीकृष्ण येथे मातेस उपदेश करीत नाही. बलरामासह सुतललोकी जाऊन तो ती बालके बळीराजाकडून आणतो. देवकी त्यांस मांडीवर घेते, स्तनपान करविते. आणि ती स्वर्लोकी निघून जातात. बालके राहिली नाहीत. परंतु भेट झाली.

आजही काही मातांच्या वाट्यास असे दुःख येते. विसाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी होते आणि कळते की, गर्भाची कवटी व मेंदूचा मोठा भाग घडलेलाच नाही. बालक जिवंत जन्मले तरी बहुधा काही तास वा दिवसच जगेल. वैद्यकीय मंडळाने असे गंभीर व्यंग निश्चित केल्यास भारतातील कायदा, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, आठवड्यांची मर्यादा न ठेवता गर्भपातास अनुमती देतो. तो मार्ग घेणाऱ्या मातेस दूषण देण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु जिला बालकास जन्म द्यावयाचा आहे, तिनेही एकाकी का राहावे?

१९६७ साली डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. रोग हटत नाही तेथेही वेदना हलकी करता येते, हा त्या सेवेचा पाया. पुढे हीच शुश्रूषा अशा नवजातांपर्यंत पोहोचली. प्रसूतीपूर्वीच डॉक्टर व मातापिता मिळून ठरवितात: व्यर्थ सुया-नळ्या नकोत, ऊब हवी, मातेच्या उराचा स्पर्श हवा, वेदना असल्यास औषध हवे. आजी-आजोबांनी बाळास पाहावे, इवल्या पावलांचा ठसा घ्यावा, बाराव्या दिवसाची वाट न पाहता त्याच घटकेस नाव ठेवावे. बाळ गेल्यावरही मातेस पान्हा फुटतो. त्या वेदनेचीही काळजी घ्यावी.

अशा बालकाचे सुतक शास्त्राने अल्प सांगितले, म्हणून मातेचा शोक अल्प होत नाही. "दुसरे होईल," "पूर्वजन्मीचे भोग," असे शब्द आपल्या मुखातून न निघोत. तिच्याजवळ बसावे, बाळाचे नाव विचारावे.

देवकीस भेट घडविणारा तो दयाघन आपणां सर्वांस अशी करुणा देवो, हीच प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥