पाचापैकी तीन

सहा जूनला सकाळी मोबाइलवर एक फोटो आला. रायगडावर राज्याभिषेक दिनाची गर्दी, धुकं, भगवे झेंडे, आणि खाली एक ओळ : ‘काका, गुडघा कसा आहे?’ मी लगोलग उत्तर धाडलं, ‘उत्तम.’ मग फोन पालथा ठेवला आणि चहाचा कप हातात घेऊन बसून राहिलो. चहा गार झाला तेव्हा बायको म्हणाली, ‘‘अहो, कुणाचा मेसेज होता?’’ मी म्हटलं, ‘‘कुणाचा नाही.’’

एक चहा गार होईपर्यंत दोनदा खोटं बोललो. हा माझा सरासरी वेग आहे की त्या दिवसापुरता होता, हे तपासायला म्हणून लिहायला बसलो आहे.

त्या मेसेजमागे एक सहल आहे, जानेवारीतली. खरं तर लेक म्हणत होती, बाबा, स्कॉटलंडला जा, तिकडे डोंगराळ मुलूख आणि जुनी बेटं दाखवणाऱ्या छोट्या गटाच्या सहली असतात, पैसे मी भरते निम्मे. मी तिला सह्याद्री आणि कोकण किनाऱ्यावर अर्धा तास ऐकवलं. आपल्याकडे काय कमी आहे? 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले, त्यात रायगड, राजगड, साल्हेरसारखे डोंगरी आहेत आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्गसारखे भर पाण्यातलेही आहेत. बोलण्यातला प्रत्येक मुद्दा खरा होता. अडचण होती ती उरलेल्या निम्म्या पैशांची. कंजूषपणाला स्वाभिमानाचा सदरा बरा बसतो.

तर अकरा माणसं, एक मिनीबस, चार दिवस. पहिल्यांदा रायगड, मग मुरूडला पद्मदुर्ग आणि जंजिरा, शेवटी थळहून खांदेरी. सोबत एक तरुण मुलगा, गडाच्या घेऱ्यातल्याच वाडीतला, कॉलेजात इतिहास घेतलेला. ट्रेकवाल्यांच्या भाषेत लीडर. नोंदणीच्या फॉर्मवर एक रकाना होता : काही शारीरिक त्रास? मी लिहिलं, ‘नाही.’ डाव्या गुडघ्याचा एक्स-रे कपाटात होता. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं की चढण्यापेक्षा उतरणं सांभाळा. बायकोने विचारलंच, ‘‘गुडघ्याचं लिहिलंत ना?’’ ‘‘लिहिलं.’’

का लिहिलं नाही? रोपवेत बसवतील म्हणून. याच्यामागे संध्याकाळचा आमचा कट्टा आहे. पवई तलावाकाठी आम्ही सात-आठ निवृत्त माणसं रोज बसतो. समोर जलपर्णी, मधूनच एखादी मगर दिसल्याची अफवा, पलीकडे टेकड्या. विषय तीन : साखर, स्टेंट, आणि कोण अजून किती चालतो. आमच्यातला एक जण सहलीच्या आधीच्या वर्षी रोपवेने रायगडावर जाऊन आला होता, तर त्याला आठवडाभर ‘पाळण्यातले महाराज’ म्हणून चिडवलं. चिडवणाऱ्यांत मी पुढे होतो. म्हणजे रोपवेची वाट मी स्वतःच माझ्यासाठी बंद केलेली.

चित दरवाज्यापासून चढायला लागलो. दीड हजाराहून अधिक पायऱ्या. चढताना काही झालं नाही, उलट मी दोन तरुण मुलींच्या पुढे होतो आणि ते त्यांच्या लक्षात यावं म्हणून मोठ्याने बोलत होतो. महादरवाजा, हत्ती तलाव, होळीचा माळ, बाजारपेठ. लीडर चांगलं सांगत होता. तारखा फेकत नव्हता, थांबून दाखवत होता. जगदीश्वराच्या देवळाशी त्याने आम्हाला पायरीजवळ वाकायला लावलं. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी आपलं नाव तिथे कोरून घेतलं आहे. कळसावर नाही की भिंतीवर नाही, पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय पडेल अशा जागी. सगळे वाकून बघत होते. मला वाकता येत नव्हतं. मी मागे उभं राहून मान डोलावली.

निघताना तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘काका, तुम्ही रोपवेने उतरा. चार-पाच मिनिटांत खाली. मी येतो सोबत तिथपर्यंत.’’ त्याने ते चारचौघांत विचारलं नाही हे मला तेव्हाही कळलं होतं. मी म्हटलं, ‘‘मला काय झालंय?’’ महादरवाज्याशी त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा मी जरा रागावलोच.

उतरायला मला चार तास लागले. निम्म्या वाटेवर गुडघा असा धरला की पायरीवर बसून, हात टेकून, पुढची पायरी. त्याने माझी पिशवी आपल्या पाठीवर घेतली, पुढे उभा राहून प्रत्येक पायरीला खांदा दिला. बाकीचे नऊ-दहा जण पाचाडला जिजाऊंची समाधी बघून, दोनदा चहा पिऊन आमची वाट पाहत बसले होते. राज्याभिषेक झाला 6 जून 1674 ला आणि 17 जूनला त्या पाचाडलाच वारल्या. ते अकरा दिवस तो आम्हाला समाधीपाशी बसून सांगणार होता. ते राहून गेलं. सगळ्यांचंच राहून गेलं, कारण सांगणारा माझ्या गुडघ्यापाशी होता.

पुढचं गणित सोपं आहे. दिघीहून आगरदांड्याला जाणारी शेवटची फेरीबोट हुकली. बोटीने जी खाडी पंधरा-वीस मिनिटांत ओलांडता आली असती, तिला रस्त्याने वळसा घालावा लागला. मुरूडला पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. ड्रायव्हरला झोप हवी होती, आणि ती त्याला मिळायलाच हवी होती. सकाळी पद्मदुर्गाची बोट साडेसहाची ठरली होती. तिथे काही जंजिऱ्यासारख्या रोज फेऱ्या नसतात. पाणी आणि वारा बघून कोळी ठरवतात. आम्ही धक्क्यावर पोचलो आठला. बोटवाल्याने पाण्याकडे बघितलं आणि मान हलवली.

गटात कुरकुर झाली. एक गृहस्थ केवळ पद्मदुर्गासाठी नागपूरहून आले होते. ते म्हणाले, ‘‘पैसे घेताना पद्मदुर्ग होता ना कार्यक्रमात?’’ लीडरने सगळ्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, ‘‘माझं वेळेचं गणित चुकलं. सॉरी.’’

तिथे मी काही बोलायला हवं होतं. चार शब्द लागले असते. धक्क्यावर मासळीच्या टोपल्या चालल्या होत्या, त्या बघण्यात मी गुंतलो.

मग राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिरा. दरवाजा असा बेमालूम की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, नुसती भिंत अंगावर येते. सिद्दींचं ते संस्थान 1948 मध्ये विलीन झालं. तोवर हा किल्ला कुणाला लढून घेता आला नाही, ना शिवाजीमहाराजांना, ना संभाजीमहाराजांना. होडी हेलकावत असताना त्याने लाय पाटलाची गोष्ट सांगितली. मला ती शाळेपासून माहीत होती. पेशवे मोरोपंतांनी बेत आखला : कोळ्यांनी रात्री गुपचूप जाऊन तटाला शिड्या लावायच्या, मागून मोरोपंतांचे लोक येऊन चढायचे. लाय पाटील आपले साथीदार घेऊन सिद्दीच्या तोफांखालून गेला, शिड्या लावल्या, आणि थांबला. मागचे लोक आलेच नाहीत. उजाडायला लागलं तशा शिड्या काढून घेऊन तो परत आला. जंजिरा राहिला तो राहिलाच. तरी महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. दर्यावरच्या माणसाला पालखी काय कामाची, असं तो म्हणाला, म्हणून त्याला गलबत दिलं आणि त्या गलबताचं नाव ठेवलं ‘पालखी’.

शाळेत या गोष्टीतलं गलबत आवडायचं. त्या दिवशी होडीत मी पहिल्यांदा दुसऱ्या बाजूच्या लोकांचा विचार केला. जे वेळेवर आले नाहीत ते. का उशीर झाला, कुणामुळे झाला, हे गोष्टीत नाही. त्यांच्यातही कुणीतरी असेल ज्याने निघताना ‘मला काय झालंय?’ म्हटलं असेल. गोष्ट संपली आणि होडी दरवाज्याला लागली. तिथे ती नीट टेकत नाही, लाटेबरोबर वरखाली होत असताना उडी मारून पायरी गाठावी लागते. त्याने हात पुढे केला. मी धरला. आत गेल्यावर कलाल बांगडी तोफेपाशी त्याच हाताने काढलेला माझा फोटो आता आमच्या दिवाणखान्यात आहे.

खांदेरीला मी गेलोच नाही. थळच्या किनाऱ्यावर पाय पसरून बसलो. 1679 मध्ये महाराजांनी ते बेट बांधायला घेतलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांना घाम फुटला होता, त्यांनी गलबतं पाठवली, छोट्या मराठी होड्यांनी रसद पोचवणं काही थांबवलं नाही. हे सगळं मी घरी वाचलेलं, आणि ते बेट समोर होतं, माणसं त्यावर चालताना ठिपक्यासारखी दिसत होती. त्या ठिपक्यांत एक तो होता. तेवढ्यात सहल कंपनीचा मेसेज आला : आपला अभिप्राय नोंदवा.

मी पाचापैकी तीन तारे दिले. खाली लिहिलं : ‘माहिती चांगली. तथापि, वेळेच्या नियोजनात सुधारणेस वाव आहे.’

हे वाक्य मला शोधावं लागलं नाही. ते माझ्या हातात होतं. तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली अठरा हाताखालच्यांचे गोपनीय अहवाल लिहिण्यात गेली. वाईट शेरा लिहायचा नाही, तो लिहिला तर कारणं द्यावी लागतात, माणूस दाद मागतो. उत्तमही लिहायचं नाही. मधलं लिहायचं. मधल्याला कुणी काही विचारत नाही, आणि बढतीच्या यादीत मात्र तो माणूस आपोआप दोन जागा खाली सरकतो. ‘नियोजन’ हा त्यातला फार सोयीचा शब्द. नियोजनात दोष आहे म्हटलं की दोष कुणाचा ते सांगावं लागत नाही.

एका फाइलची आठवण येते. माझ्या टेबलावर ती तीन आठवडे पडली होती. साहेबांनी विचारलं तेव्हा शेजारचा कनिष्ठ लिपिक पटकन म्हणाला, माझ्याकडे राहिली सर. मी त्याला संध्याकाळी वडा-पाव खिलवला. त्या वर्षी त्याच्या अहवालात काय लिहिलं ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही की आठवायचं नाही, हे मी ठरवू शकत नाही. पण हस्ताक्षर माझंच असणार.

सगळ्यात वाईट भाग अजून सांगितला नाही. तारे कशासाठी असतात हे मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी माणगावच्या आसपास चहाला थांबलो असताना त्यानेच हसत हसत सांगितलं होतं : सरासरी खाली आली की शनिवार-रविवारच्या सहली दुसऱ्याला मिळतात, आम्हाला उरतात मधल्या वारच्या, त्याही आल्या तर. मी तेव्हा ‘अरे, काय जमाना आला’ म्हणून हळहळलो होतो. त्यानंतर तीन दिवसांनी तीन तारे.

चार नाहीत, दोन नाहीत, तीनच का, यावर मी बराच विचार केला. पाच दिले असते तर मनाशी कबूल करावं लागलं असतं की त्याची काही चूक नव्हती, मग चूक कुणाची हा प्रश्न उरला असता. एक-दोन दिले असते तर कंपनीने फोन करून काय झालं ते विचारलं असतं. तीनमध्ये मी सुरक्षित होतो. किल्ला बांधावा तसा तो आकडा मी निवडला होता, दरवाजा बाहेरून दिसू नये असा.

पवईला परतल्यावर कट्ट्यावर सत्कार झाला. पायी चढलो, पायी उतरलो. ‘पाळण्यातले महाराज’ही टाळ्या वाजवत होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘उतरताना त्रास होतो म्हणतात गुडघ्यांना?’’ मी म्हटलं, ‘‘नाही हो. सवय पाहिजे.’’ मग आठवडाभर फिरायला गेलो नाही. सर्दी झाली असं कळवलं.

आता तलाव भरून वाहतोय. 1891 मध्ये मुंबईला प्यायला पाणी म्हणून तो बांधला, ते पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, तरी दर पावसाळ्यात भरला की बातमी येते आणि आम्ही कट्ट्यावर आनंद साजरा करतो. जंजिऱ्याच्या होड्या पावसात बंद असतात. ऑक्टोबरपासून पुन्हा सहली लागतील, त्यांची वाटणी आत्ताच होत असेल.

सहा जूनच्या त्या मेसेजनंतर चार दिवसांनी मी त्याला फोन केला. सांगितलं, फॉर्मवर खोटं लिहिलं होतं, उशीर माझ्यामुळे झाला, आणि तीन तारे मी दिले. पलीकडे जरा वेळ शांतता. मला वाटलं तो म्हणेल, जाऊ द्या काका. तो तसं म्हणाला नाही. म्हणाला, ‘‘तीन तुमचे होते होय. मला वाटलं नागपूरच्या काकांचे.’’ आणि मग, ‘‘हे कंपनीला लिहून द्याल का? मला सांगून काय उपयोग?’’

लिहून देतो म्हटलं. त्याला आता तीन आठवडे झाले. फाइल टेबलावर पडून राहायला लागतात तेवढेच.

पहिल्या मसुद्यात पानभर मजकूर होता. त्यातला अर्धा गुडघ्याच्या आजारावर, पाव वयावर. दुसऱ्यात फेरीबोटीचं वेळापत्रक आणि रस्त्यांची अवस्था आली. रोज थोडं थोडं खोडतो आहे. काल रात्री तीन ओळी उरल्या. पहिलीत माझं नाव आणि सहलीची तारीख. दुसरीत मी आजार लपवला आणि विलंब केवळ माझ्यामुळे झाला हे. तिसरी ओळ ‘तथापि’ने सुरू होते.