हजेरीपटाबाहेरचे रोगी

निर्वासितांच्या छावणीतून वाढलेले उल्हासनगर, स्वातंत्र्यापूर्वीच रसायने आणि आगपेट्या यांच्या कारखान्यांनी गजबजलेले अंबरनाथ आणि पलीकडचे बदलापूर अशी जी कारखानदारी कर्जतच्या लोहमार्गालगत पसरली आहे, तिच्यात आरोग्यसंशोधकाला विषयांची वाण कधीच पडणार नाही. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये निघतो तो व्हिस्कोज धागा करण्यास कार्बन डायसल्फाइड लागते. त्याची वाफ दीर्घकाळ श्वासावाटे गेली असता मज्जातंतू आणि हृदय या दोहोंस अपाय करते.

फिनलंडमध्ये व्हिस्कोजच्या ३४३ कामगारांची तितक्याच कागदगिरणी-कामगारांशी तुलना झाली, तेव्हा पहिल्यांत हृदयविकाराचे मृत्यू अधिक आढळले. पण निष्कर्ष दप्तरात न राहता १९७२ साली हवेतील मर्यादा दशलक्षांत १० भागांवर आली, ज्यांना धोका अधिक त्यांना त्या खात्यातून हलविले गेले, आणि जादा मृत्यू पुढे ओसरले. ज्यांचे रक्त तपासले त्यांच्याच हयातीत त्यांना उपयोग झाला, ही गोष्ट मला संमतिपत्रावरील सहीपेक्षा मोलाची वाटते.

सहीचे काय! सुपरवायझर शेजारी उभा असताना ज्याची उद्याची हजेरी कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे, त्या माणसाने ‘नाही’ कसे म्हणावे? शिवाय निदान मालकाच्या कानी गेले तर रोजगार जातो आणि कामगारापासून लपविले तर ती फसवणूक होते; म्हणून नावानिशी अहवाल केवळ त्याच्याच हाती, त्याच्या भाषेत जाईल, मालकाला फक्त एकूण आकडे मिळतील, आणि आजारी ठरलेल्याला पगार न कापता दुसरे काम मिळेल, असा लेखी करार पहिला थेंब काढण्यापूर्वीच व्हावयास हवा. मालक त्यास राजी नसेल तर अभ्यास फाटकाबाहेर करावा. मात्र कायद्याच्या अनुसूचीतील रोगाची खबर सरकारी निरीक्षकास देण्याचे बंधन वैद्यावर असते. ती मालकाकडे चुगली नव्हे, हेही कामगाराला आधीच समजावून सांगितले पाहिजे.

आणि मोजावयाचे कोणाला? खोकत, हातपाय बधिर होऊन जो गावी परतला त्याचे नाव मस्टरवर उरत नाही. उरतात ते तगलेले, आणि त्यांच्या तपासणीवरून कारखाना निरोगी ठरतो. हा दोष केवळ गणिताचा मानणे मला मान्य नाही, कारण सर्वांत अधिक सोसलेल्यालाच तो हिशेबातून वगळतो. जुने हजेरीपट मागवून सोडून गेलेल्यांचा माग उल्हासनगरच्या कॅम्पांतील खोल्यांपासून गावाकडच्या घरापर्यंत काढावयाचा, तर त्यास वेळ आणि पैसा लागतो, आणि ते दोन्ही अनुदानाच्या अर्जातच मागावे लागतात.