नांव आणि वचन

एखाद्या कलाकृतीचा वर्ग ठरविणें हें वरवर पाहतां ग्रंथपालाचें काम वाटतें; परंतु त्यांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आम्हांस आमच्याच घरीं भेटला.

जपानी चित्रमालिकांत, ज्यांस हल्लीं 'ॲनिमे' म्हणतात, जादूगार मुलींच्या कथांचा एक जुना वर्ग आहे. १९६६ सालच्या 'जादूगार सॅली'पासून तो दूरचित्रवाणीवर रुजला. गोंडस मुलगी, तिला लाभलेली मंत्रशक्ति आणि अखेरीस सद्गुणांचा जय, ही त्याची सर्वपरिचित चाल. २०११ सालची बारा भागांची 'मादोका मागिका' ही मालिका याच वेषांत अवतरते. मांजरासारखा एक प्राणी मुलींची एक इच्छा पुरवितो व मोबदल्यांत त्यांस जादूगार करितो. तिसऱ्या भागांत मात्र त्यांच्यांतील वडीलकीची मुलगी राक्षसीच्या तोंडीं पडते, आणि तेथून कथा भयानक व करुण या रसांकडे वळते.

आमच्या बारा वर्षांच्या भाचीनें ती मुलींची गोड गोष्ट म्हणून निवडली. आम्हीं ती आधीं पाहिली होती. पण रसभंग नको म्हणून गप्प राहिलों. त्या रात्रीं पोरीला झोप आली नाहीं. सकाळीं तिनें एवढेंच विचारलें, "मामा, तुम्हांला ठाऊक होतं, मग सांगितलंत कां नाहीं?"

अशा मिश्र कृतीला दोन्ही वर्गांचीं नांवें द्यावीं, असें कोणी म्हणेल. परंतु नांवांची बेरीज घटक सांगते, क्रम सांगत नाहीं. १९९५ सालीं सुरू झालेली 'इव्हॅन्जेलियन' ही मालिका प्रचंड यंत्रांच्या युद्धानें आरंभ करिते आणि शेवटच्या दोन भागांत युद्ध बाजूस सारून नायकाच्या मनांत शिरते. तिला युद्धकथा म्हणावें कीं मनाची कथा? येथें आनंदवर्धनाचा दाखला उपयोगी पडतो. युद्धानें भरलेल्या महाभारताचा प्रधान रस त्यानें शांत मानिला. कारण कृति वाचकाला अखेर कोठें नेऊन सोडते, हें त्यानें पाहिलें. वर्ग ठरवावयाचा तो असाच, शेवटावरून.

पण हा निवाडा झाला ग्रंथ मिटून बसलेल्याचा. उंबरठ्यावर उभ्या असलेल्याला निवाडा नको असतो. त्याला वचन हवें असतें. पाहण्यापूर्वीं सांगितलेलें नांव हें वचनच होय, आणि तें खोटें ठरणार हें ठाऊक असून मौन धरणें म्हणजे त्या खोट्यांत भागीदार होणें होय.

त्या मालिकेंतील प्राणीहि मुलींशीं उघड खोटें बोलत नाहीं. जाब विचारल्यावर, तुम्हीं विचारलें नाहीं म्हणून सांगितलें नाहीं, अशा अर्थाचें उत्तर देतो. त्या सकाळीं आमच्या जिभेवर तेंच उत्तर आलें होतें, आणि आम्ही ओशाळलों. 'ही गोष्ट दिसते तशी गोड नाहीं. वाटेंत मृत्यु आहे', एवढें सांगितलें असतें तर कथानकांतील एकहि रहस्य फुटलें नसतें, आणि निवड तिची राहिली असती.

उरलेले नऊ भाग तिनें पुढें आपण होऊन पाहिले. मात्र आम्हांस शेजारीं बसवून.